संपादक मध्यरात्री

रात्रीचे साडेअकरा. घरात निजानीज झालेली. चार पानांची एक कथा वाचावी आणि झोपावं, एवढ्याच माफक इच्छेने मी मोबाइलवर एका मासिकाचा डिजिटल अंक उघडला.

मुखपृष्ठाला बोट लागलं मात्र, 'फर्रर्र' असा आवाज झाला. पान उलटल्याचा! उभा जन्म कागदाची मासिकं चाळण्यात गेला, पण इतकं खणखणीत पान कधी ऐकलं नव्हतं. शिवाय पान कोपऱ्यातून वळणार, त्याची सावली पडणार, मग ते लोळत पलीकडे जाणार. सगळं अगदी सावकाश. बायकोने कूस बदलली.

दुसऱ्या पानावर व्हिडिओ होता. क्रोमने २०१८ सालीच आपोआप बोलणाऱ्या व्हिडिओंच्या तोंडाला कुलूप लावलं; पण आपण साइटवर कुठेही एकदा टिचकी मारली की ते उघडतं. माझी टिचकी मुखपृष्ठावरच मारून झाली होती.

"नमस्कार वाचकहो!"

बायको ताडकन उठून बसली. "कोण आलंय?"

"संपादक."

"या वेळी?"

कथा सापडली ती दोन कॉलमांत. पान ए-फोरचं, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद. माझ्या मोबाइलचा पडदा जेमतेम ७०. दहा पॉइंटचं अक्षर सव्वातीनवर आलेलं. मुंग्यांची वरात बरी. दोन बोटांनी ताणलं तर अर्धी ओळ पडद्याबाहेर. ती ओढून आणावी, तर मासिकाला वाटे, याला पान उलटायचंय. फर्रर्र! नायिका दार उघडते आणि मी थेट गुडघेदुखीच्या जाहिरातीत. (ती मात्र ठळक अक्षरांत होती.) वेबवरचा मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपसूक मांडला जातो, त्यासाठी कोणाला फारसं काही करावं लागत नाही. इथे त्याला पानाच्या चित्रात चिणून बसवण्यासाठी कोणीतरी मुद्दाम मेहनत घेतली होती.

पाचव्यांदा पहिल्या कॉलमच्या तळापासून दुसऱ्याच्या माथ्यावर चढत होतो, तेवढ्यात चौकट आडवी आली : 'वाचनानुभव कसा वाटला?' बंद करायची फुली काही सापडेना. पाच तारे दिले, तेव्हा कुठे ती हटली.

पुढच्या महिन्यात संपादकीय वाचलं. म्हणजे ऐकलं. "पान उलटण्याच्या आवाजाला वाचकांनी भरभरून पसंती दिली. या अंकापासून अनुक्रमणिकाही वाजेल."