जिप्सीचं तिरकं चाक आणि अलाइनमेंटची पावती

फोर-बाय-फोरवाल्यांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. माझ्याकडे तो चौघांकडून आला, एकाने वर ‘सेव्ह करून ठेव’ असंही बजावलं. मजकूर साधारण असा: जिप्सी, जिम्नी, थार, कुठल्याही गाडीचं पुढचं चाक वरून आत झुकलेलं दिसलं तर तो लिफ्ट किटचा प्रताप, गाडी उंच केली की कॅम्बर (चाकाचा वरून आत किंवा बाहेर असलेला कल) बिघडतोच. अलाइनमेंटवाल्याकडून कॅम्बर सेट करून घ्या. नाही झाला तर ॲक्सल वाकलाय, मिस्त्रीकडून साखळी-जॅक लावून सरळ करून घ्या. टायर एका कडेने झिजला असेल तर पुरावा मिळालाच. स्टीअरिंग थरथरत असेल तर जाड डॅम्पर (थरथर दाबणारा शॉक ॲब्सॉर्बर) टाका. आणि काहीच केलं नाही तरी बिघडत नाही, सॉलिड ॲक्सल आहे, तुटत नाही.

हे वाचून आमच्या कोलशेतच्या सोसायटीतल्या एका काकांनी आपली जुनी जिप्सी थेट तुर्भ्याच्या बाजूला एका अलाइनमेंट सेंटरवर नेली. पैसे भरले, पावती घेतली, चाक होतं तसंच तिरकं घेऊन परत आले. तेव्हा म्हटलं, आता एकेक मुद्दा घेऊन लिहायलाच हवं.

पहिली गोष्ट, थारला या यादीतून काढा. २०१० ची सीआरडीई थार असो की २०२० ची नवी, दोन्हींचं पुढचं सस्पेन्शन इंडिपेन्डन्ट आहे. २०२१ च्या गुरख्याचंही तसंच. या गाड्यांत प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर वरखाली होतं, त्यामुळे उंची बदलली की चाकाचा कोनही बदलतो. मेसेज लिहिणाऱ्याने हा नियम इथून उचलला आणि जिप्सीला चिकटवला. जिप्सीत आणि जिम्नीत पुढची दोन्ही चाकं एकाच लोखंडी हाउसिंगच्या (नळीच्या) दोन टोकांना असतात, हाच सॉलिड ॲक्सल. बॉडी दोन इंच वर उचला नाहीतर चार इंच, हाउसिंगची टोकं एकमेकांच्या हिशेबात तिथल्या तिथेच राहतात. कॅम्बर बदलायला काही वावच नाही. लिफ्टने बदलतो तो कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा (चाक ज्या खुंटीभोवती वळतं तिचा) पुढे-मागे असलेला कल. जिम्नीसारख्या कॉइल स्प्रिंगच्या गाडीत पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला चासीशी बांधणारा आडवा दांडा) अख्खा ॲक्सल थोडा एका बाजूला सरकतोही. त्यातून स्टीअरिंग हलकं पडणं, गाडी भरकटणं हे त्रास होतात. चाक आत झुकणं हा त्यातला त्रास नव्हे.

दुसरं, ‘झुकलेलं दिसलं’ यातल्या ‘दिसलं’वर माझा फार आक्षेप आहे. लोक फोटो पाठवतात आणि त्यात स्टीअरिंग पूर्ण वळवलेलं असतं, कारण तसा फोटो रुबाबदार येतो. कॅस्टर असलेली कुठलीही गाडी वळवली की चाकं वळणाच्या आतल्या बाजूला कलतात, सायकलसारखी. त्या फोटोवरून निदान करणं म्हणजे माणूस वाकून बूट घालत असताना त्याला कुबड आहे ठरवण्यासारखं. दुसरा घोळ मडगार्डचा. आपला डोळा चाक जमिनीशी ताडून बघत नाही, मडगार्डशी बघतो. डावीकडचे पाटे (लीफ स्प्रिंग) बसले की बॉडी डावीकडे कलते आणि डावं चाक वरून आत गेल्यासारखं वाटतं. चाक बिचारं सरळच उभं असतं.

म्हणून आधी मोजायचं. मशीन लागत नाही, गवंड्याचा ओळंबा पुरतो. काकांच्या जिप्सीवर आम्ही हेच केलं. पार्किंगच्या फरशीला पाणी जायला उतार दिलेला असतो, हे आठवलं म्हणून पारदर्शक नळीत पाणी भरून आधी दोन्ही चाकांखालची पातळी बघितली. डावीकडची फरशी बोटभर खाली होती, त्या चाकाखाली प्लायचे दोन तुकडे सरकवले. चारही टायरांत हवा सारखी केली, चाकं सरळ केली, गाडी हाताने थोडी पुढे-मागे ढकलली, म्हणजे पाटे मोकळे बसतात. मग मडगार्डच्या कडेला काठी बांधून त्यावरून टायरच्या बाहेर ओळंबा सोडला, आणि दोऱ्यापासून रिमच्या वरच्या कडेपर्यंत व खालच्या कडेपर्यंत पट्टीने अंतर घेतलं. या दोन जागांमध्ये साधारण ४०० मिलिमीटर असतील तर ७ मिलिमीटरचा फरक म्हणजे एक अंश, एवढं लक्षात ठेवलं की झालं. डावं चाक ३ मिलिमीटर आत निघालं, उजवं ४ मिलिमीटर बाहेर. म्हणजे दोन बाजूंत मिळून जेमतेम एक अंश. काका मात्र ‘पाच-सहा अंश तरी असेल’ म्हणत होते, कारण त्यांच्या डाव्या पाट्यांनी केव्हाच मान टाकली होती आणि उरलेलं सगळं त्या कललेल्या बॉडीचं नाटक होतं.

उजवं चाक वरून बाहेर हे ऐकून कुणी दचकू नका. जुन्या सॉलिड ॲक्सलना कारखान्यातूनच थोडा पॉझिटिव्ह कॅम्बर दिलेला असायचा. विलीजच्या सीजे-टू-ए जीपला तो दीड अंश होता. बिघाड असलाच तर आत झुकलेल्या डाव्या चाकात होता.

आता अलाइनमेंट. स्क्रीनवर कॅम्बर लाल दिसतो, म्हणून माणसाला वाटतं तो फिरवायला कुठेतरी बोल्ट असणार. जिप्सीत नसतो. सॉलिड ॲक्सलवर साध्या अलाइनमेंटमध्ये फिरतो तो टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा), त्याने टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते, बदलतं, आणि ड्रॅग लिंकने (स्टीअरिंगकडून येणारा दांडा) स्टीअरिंग मधोमध येतं. काही परदेशी ॲक्सलांत बॉल जॉइंटची तिरकी बुशं किंवा स्पिंडलमागचे पाचरीसारखे शिम (पातळ चकत्या) टाकून कॅम्बर थोडा हलवतात, पण तेही सगळं तपासून झाल्यावर. झिजलेल्या सांध्यावर शिम चढवणं म्हणजे दुखऱ्या गुडघ्यावर पँट घट्ट शिवणं. काकांच्या पावतीवर ‘कॅम्बर ॲडजस्टेड’ असं लिहिलेलं होतं. काय ॲडजस्ट केलं ते पावतीलाच ठाऊक.

मग चाक तिरकं होतं कशाने? इथे मेसेज एका उडीत ‘ॲक्सल वाकलाय’वर जातो आणि मधले सगळे संशयित सोडून देतो. टायर जमिनीवर टेकतो ती जागा सांध्याच्या बाहेर असते, त्यामुळे गाडीचं वजन चाकाला कायम वरून आत लोटत असतं. हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, बेअरिंगमध्ये ढिलाई आली तरी चाक आत झुकतं, किंगपिनच्या बेअरिंगमध्ये आली तरी आत, आणि जोराने आपटून हाउसिंगचं टोक वर वाकलं तरी आतच. दिसायला तिन्ही सारखे. वरून बाहेर गेलेलं चाक मात्र निराळं प्रकरण: चाकाच्या खालच्या भागाला बाजूने बसलेला फुटपाथचा किंवा दगडाचा फटका, नाहीतर चुकीचा बसवलेला पार्ट.

तिघांना वेगळं करायला जॅक आणि दोन माणसं लागतात. पुढचा ॲक्सल उचलून खाली घोडी (टेकू) लावा, नुसत्या जॅकवर हात घालू नका. आधी चाक अर्धं फिरवून पुन्हा मोजा. तिरकेपणा चाकाबरोबर फिरला तर रिम किंवा हब वाकलंय, पुढचं काही उघडायची गरज नाही. जागच्या जागी राहिला तर चाक वर आणि खाली धरून, घड्याळाच्या बारा आणि सहावर, आत-बाहेर हलवा. प्ले (ढिलाई) जाणवला की दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेकने हब नकलला (ॲक्सलच्या टोकाचा, चाकाबरोबर वळणारा भाग) जखडलं जातं, म्हणून प्ले गेला तर तो हब बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिनचा. तीन आणि नऊवर धरून हलवल्यावर जो खडखडतो तो बहुतेक टाय रॉड एंड, त्याचा तिरकेपणाशी संबंध नाही.

काकांच्या डाव्या चाकात ब्रेक दाबूनही ‘टक्’ येत होतं. टॉर्च मारला तर नकल आणि त्याच्या आतला ॲक्सलच्या टोकाचा गोळा यांच्यातली फट सीलजवळ उघडझाप करताना दिसली. सीलखालून तपकिरी ओघळ आले होते, चहात बिस्कीट विरघळावं तसे. आमच्या मिस्त्रींनी खालचा किंगपिन काढला तेव्हा बेअरिंगमधून ग्रीस नव्हे, गंजाचं पाणी आलं. दोन रोलर तुटलेले, रेसवर नखाला लागतील असे खळगे. गेल्या पावसाळ्यात काका दोनदा गाडी ओढ्यात घालून आले होते आणि नंतर नकल उघडून बघायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मिस्त्री म्हणाले, “काका, पाण्यातून आली की गाडी धुता, तसं हेही बघायचं असतं.” वर-खाली दोन्ही बेअरिंगं, नवे सील, शिम कमी-जास्त करून नकल स्प्रिंग काट्याने ओढून बघणं, एवढ्यावर काम झालं. बंद नकलच्या या गाड्यांत आतलं ऑइल सील गेलं तर गिअर ऑइल नकलमध्ये उतरून ग्रीस पातळ करतं, म्हणून तेही त्याच बैठकीत बदललं. पाट्यांचं काम वेगळं झालं, ते इथे लिहीत बसत नाही.

हाउसिंग खरंच वाकतं का? वाकतं. पण कुठलाच प्ले सापडला नाही, रिम सरळ निघाली, तरच त्याच्याकडे वळायचं. पाट्याच्या बैठकीपासून नकलपर्यंतचा नळीचा भाग बघा: वेल्डजवळ रंगाला आडवी चीर, नळीखाली सरळ पट्टी धरली तर मध्ये उजेड, त्याच बाजूचं सील वारंवार गळणं. हे दिसलं तरी साखळी-जॅकचा उपाय नको. ट्रकच्या भरीव आय-बीमसाठी सरळ करण्याची यंत्रं असतात. इथे आतून शाफ्ट जाणारी पोकळ नळी आहे. ती अंदाजाने ओढली तर शाफ्ट आणि सील मध्यावर राहत नाहीत, आणि एकदा वाकलेली नळी पुढच्या खड्ड्यात पुन्हा तिथेच वाकते.

टायरच्या कडेवरून पुरावा काढण्याआधी तळवा टायरवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग उलट. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर तो टो. एका कडेला सलग, गुळगुळीत झीज असेल तरच कॅम्बरवर संशय. काकांच्या टायरवर दोन्ही होतं, कारण सैल किंगपिनवर टोही स्थिर राहत नाही.

डॅम्परबद्दल तीनच वाक्यं. थरथर येते ती सैल टाय रॉड, पॅनहार्डचं बुश, किंगपिन किंवा बिघडलेल्या कॅस्टरमधून. डॅम्पर ती दाबतो आणि पार्ट झिजत राहतो. जाड डॅम्पर टाकून ‘ठीक झाली’ म्हणणारे पुढच्या पावसाळ्यात दुप्पट खर्च घेऊन येतात.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘काही नाही केलं तरी चालतं’. ॲक्सल तुटत नाही हे एकवेळ मानू. पण चाक ॲक्सलवर नसतं, नकलवर असतं, आणि नकल धरून ठेवतात किंगपिनचे बोल्ट. बेअरिंगमध्ये प्ले आला की प्रत्येक खड्डा त्या बोल्टांवर हातोडीसारखा पडतो. मिस्त्रींनी काकांचा खालचा किंगपिन सोडायला पाना हातात घेतला, तेव्हा चारपैकी दोन बोल्ट बोटांनीच फिरले. आदल्याच रात्री काका त्याच गाडीतून काकू आणि नातवाला घेऊन गायमुखचा घाट उतरून घरी आले होते.