दुसऱ्या सकाळी लोकल धावली, म्हणून माणसं बरी झाली नव्हती

11 जुलै (2006 चे लोकल स्फोट) आणि 26 नोव्हेंबर (2008 चा दहशतवादी हल्ला) जवळ आले की 'मुंबई स्पिरिट'चा मजकूर फिरू लागतो. बॉम्ब फुटले तरी दुसऱ्या सकाळी मुंबई कामावर होती, जखमींना भरपाई मिळाली, समाजाने त्यांना सांभाळलं, घाबरलेल्याला गाडीत बसवलं की भीती जाते, वर्षानुवर्षं 'मानसिक त्रास' सांगणारे मनाचे कच्चे, असं त्यात म्हटलेलं असतं. यातलं एकेक विधान तपासू.

कामावर कोण गेलं? 11 जुलै 2006 ला 11 मिनिटांत सात लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले. 180 हून अधिक माणसं गेली, 800 च्या वर जखमी झाली. सकाळी गाडीत चढलेले बहुतेक जण त्या डब्यांत नव्हतेच, आणि खाडा पडला की पैसे कापले जातात म्हणूनही अनेकांना चढावं लागलं. आघातोत्तर तणाव विकाराचं (पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात टिकून राहणारा त्रास) निदान तर लक्षणं महिनाभर टिकल्यावरच होतं. काहींना पूर्ण त्रास सहा महिन्यांनंतर सुरू होतो. दुसऱ्या सकाळवरून काहीच ठरत नाही.

'गाडीत बसव, भीती जाईल' हा सल्ला अर्धवट आहे, म्हणून घातक. प्रशिक्षित मानसतज्ज्ञ हेच काम पायऱ्यांनी करतात. आधी नुसतं फलाटावर बसायचं, धडधड उतरेपर्यंत, लागला तर अर्धा-पाऊण तास. रोज. ते जमलं की दुपारच्या रिकाम्या स्लो लोकलने एक स्टेशन, मग तीन. गर्दीची फास्ट आणि तोच डबा सगळ्यात शेवटी. बिघडतं कुठे? घरचे ओढून थेट संध्याकाळच्या गर्दीत चढवतात, भीती टोकाला जाते, माणूस पुढच्याच स्टेशनवर उतरतो. 'उतरलो म्हणून वाचलो' एवढंच मनात पक्कं होतं आणि पुढचा प्रवास आणखी अवघड होतो. दारू किंवा झोपेची गोळी घेऊन केलेल्या प्रवासातूनही मन काही शिकत नाही.

भरपाईचं म्हणाल, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. मृत्यूची रक्कम तेव्हा चार लाख होती, 2017 पासून आठ. दहशतवादाच्या बळींसाठीच्या केंद्राच्या साहाय्य योजनेत जखमीला निम्म्याहून कमी कायमचं अपंगत्व असेल तर काही मिळत नाही. कानात सतत वाजणारा आवाज, उडालेली झोप यात बसतच नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही अपंगत्वात मोजला जातो, पण प्रमाणपत्राला उपचारांचा पुरावा लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक केसपेपर जपून ठेवावा.

आणि 'समाजाने त्यांना सांभाळलं'? लग्न जुळवताना 'डोक्यावर परिणाम झालाय' ही कुजबुज आधी पोचते. साक्षीदाराकडे पोलीस येतात म्हणून घरमालक खोली द्यायला कचरतो. मालेगावात तर 8 सप्टेंबर 2006 ला, शब-ए-बारातच्या दिवशी, स्फोट सोसलेल्या वस्तीवरच संशय आला. पकडलेल्या स्थानिक मुस्लिम तरुणांना न्यायालयाने 2016 मध्ये आरोपमुक्त केलं. दहा वर्षं त्यांच्या घरच्यांकडे गावाने कोणत्या नजरेने पाहिलं असेल?

ओळखीत असं कुणी असेल तर त्या तारखेला 'काय वाटतं?' विचारायला फोन करू नका. आदल्या आठवड्यात विचारा: त्या दिवशी सोबत येऊ का, टीव्ही बंद ठेवायचा का. 'नको' म्हटलं तर तिथेच थांबा. झोप, चिडचिड, दचकणं वाढलेलं दिसलं तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा समुपदेशक मराठीतही बोलतो, पैसे लागत नाहीत.