‘तुम्ही एकटे नाही’, म्हणे!

डोकं फिरलंय माझं. आणि हे लिहायचीसुद्धा चोरी झालीय. न जाणो, ‘डोकं फिरलंय’ वाचून परत तो गोडगोड चौकोन उघडायचा: “तुम्ही कठीण काळातून जात आहात असं दिसतं. तुम्ही एकटे नाही.”

झालं होतं काय, तर रात्रभर खपून केलेली फाइल ऐन वेळी उघडेना. वैतागून सोशल मीडियावर लिहिलं, “आता जीव द्यायचाच बाकी राहिलाय.” ओळखीतलं कुणीही हसलं असतं, फार तर “बॅकअप ठेवायला काय होतं रे तुला?” म्हणून झापलं असतं. पोस्ट चाळून कोण आत्महत्येच्या धोक्यात आहे ते हुडकणाऱ्या अल्गोरिदमला मात्र घाम फुटला. पोस्ट गायब! वर हेल्पलाइनचा नंबर आणि खाली दोनच बटणं, ‘मदत घ्या’ आणि ‘नंतर बघतो’. ‘बरा आहे मी, गप बसा’ असं बटणच नाही. मी ‘नंतर बघतो’ दाबलं. आता तिकडे नोंद काय झाली असेल? ‘मदत नाकारली’?

आणि ज्यांना खरंच गरज आहे त्यांचं काय? माझी एक मैत्रीण वर्षभर डिप्रेशनची औषधं घेत होती. त्या काळात तिच्या पोस्ट काय, तर भाचीच्या वाढदिवसाचे फोटो आणि सगळ्यांना बदाम. यंत्राच्या लेखी बाई ठणठणीत. सावरल्यावर तिने त्या दिवसांबद्दल मोकळेपणाने लिहिलं, तेव्हा ते ‘संवेदनशील मजकूर’ म्हणून झाकलं! बरं वाटण्याची शिक्षा ही.

‘पण अचूकता ९० टक्के आहे’ असं कुणी ऐकवलं की माझी तार सटकते. जरा हिशेब करा ना. समजा, लाख माणसांत खरा धोका शंभर जणांना आहे. धोक्यातले ९० टक्के आणि धोका नसलेले ९० टक्के यंत्र बरोबर ओळखतं, असंही मानू. म्हणजे ९० जण सापडले, दहा निसटले. आणि उरलेल्या ९९,९०० धडधाकट लोकांपैकी? ९,९९० जणांवर उगाच शिक्का. शंभरात एकसुद्धा इशारा धड खरा नाही, आणि याला म्हणायचं अचूकता!

बरं, हे शिकतं तरी कशावरून? ‘मला डिप्रेशनचं निदान झालंय’ असं ज्यांनी स्वतःहून जाहीर लिहिलं त्यांच्या पोस्ट गोळा करायच्या, ही या संशोधनातली नेहमीची युक्ती. जे बोललेच नाहीत ते हिशेबातच नाहीत. मुळात न बोलणाऱ्यांचीच तर काळजी होती ना?

हे सगळं आधी कुणाला कळलं नव्हतं, असंही नाही. आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या ब्रिटनमधल्या समॅरिटन्स या संस्थेने ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘रडार’ नावाचं ॲप काढलं. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची ट्वीट ते चाळायचं आणि कुणी खचलेलं वाटलं की तुम्हाला कळवायचं. ज्याची ट्वीट चाळली जायची त्याला मात्र पत्ता नाही! छळणाऱ्या माणसाच्या हातात आयतंच कोलीत. इतकी बोंब झाली की दहा दिवसांच्या आत ते थांबवावं लागलं. हेतू चांगला होता हो, मी कुठे नाही म्हणतोय? पण विचारायला काय झालं होतं? २०१७ मध्ये फेसबुकने आपली अशीच यंत्रणा मोठ्या प्रमाणावर आणली तेव्हा युरोपीय संघ तेवढा वगळला. तिथे लोकांच्या खासगी माहितीबद्दलचे कायदे कडक. म्हणजे जिथे परवानगी विचारावी लागते, तिथे काळजी आटते.

यावर लोकांचा इलाज काय? शब्दच बदलायचे. इंग्रजीत पोरं मरण, आत्महत्या या शब्दांऐवजी सरळ ‘अनअलाइव्ह’ लिहितात, कुठे मध्येच एखादा तारा टाकतात. जे सरळ म्हणता आलं असतं ते आता लपवून म्हणायचं. आधीच या विषयावर कोणी तोंड उघडत नाही, त्यात ही भर.

आणि यंत्राने खूण केली की पुढे काय? कधी नुसता नंबर, तर कधी थेट पोलीस दारात. खचलेल्या माणसाच्या दारात गणवेशातला अनोळखी माणूस! सगळ्यांनाच त्याने धीर येतो असं वाटतं की काय यांना?

एवढीच कळकळ असेल तर दरवर्षी छापा: किती जणांवर खूण केली, त्यातल्या किती चुकीच्या निघाल्या, किती जणांपर्यंत वेळेत माणूस पोचला. आणि एकदा लागलेली खूण पुसून घ्यायला अर्ज कुठे करायचा, तेही.