रात्री तरी वेगळं ठेवा
बदकं आणि कोंबड्या एकाच खुराड्यात सुखाने राहतात, हे लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. दिवसा अंगणात एकत्र चरू द्या, रात्रीची जागा मात्र वेगळीच हवी. बदकं पाणी सांडतात, त्यांची विष्ठाही पातळ. खालचा भुसा सतत ओला राहिला की कोंबड्यांना श्वासाचे आजार आणि कॉक्सिडिओसिस (आतड्यांचा परजीवी आजार) गाठतात. पिल्लांना तर फार जपा! बदकाच्या पिल्लांना नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) जास्त लागतं, ते कमी पडलं की पाय अधू होतात. त्यासाठी खाद्यात ब्रुअर्स यीस्ट (बिअरसाठी वापरतात ते यीस्ट, त्यात नायसिन असतं) मिसळा. आणि मादी बदकं नसतील तर नर बदक कोंबड्यांत सोडूच नका. तो त्यांच्यावर चढतो, आतून गंभीर इजा होऊ शकते. माझी एक कोंबडी अशीच गेली, अजून वाईट वाटतं.