‘फोटो काढा आणि रद्दीत द्या’: जुन्या वर्तमानपत्रांबद्दलच्या सल्ल्याचा प्रतिवाद

छोट्या गावांतल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांचं काय करायचं, यावर एक सल्ला सगळीकडे फिरतोय. थोडक्यात असा: कागद तसाही टिकणार नाही, तेव्हा महत्त्वाच्या बातम्या कापून लॅमिनेट करा, बाकी पानांचे मोबाईलवर फोटो घ्या, ओसीआरने (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या संगणक प्रणालीने) सगळं शोधता येईल, फाइली क्लाउडवर टाका आणि गठ्ठे रद्दीत द्या. हेतू चांगला आहे. पण यातली कापणं, लॅमिनेट करणं आणि रद्दीत देणं ही तीन कामं एकदा झाली की उलटवता येत नाहीत.

‘कागद टिकतच नाही.’

अर्धसत्य. लाकडाच्या लगद्याच्या कागदात लिग्निन हे लाकडातलंच द्रव्य असतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं. कागद ठिसूळ होतो तो मात्र आम्लामुळे, कारण आम्ल तंतू तोडत जातं. म्हणून पिवळं पान कुजलेलंच असेल असं नाही. बांधीव खंडात बऱ्याचदा कडा तपकिरी झालेल्या असतात आणि आतला भाग शाबूत असतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला चिंध्यांचा कागद तर त्यानंतरच्या न्यूजप्रिंटपेक्षा सहसा चांगल्या अवस्थेत सापडतो. तापमान 20 अंशांच्या आसपास किंवा कमी, आर्द्रता 35 ते 50 टक्के, अंधार, आणि आम्लरहित पेटीत घडी न घालता आडवी ठेवण, एवढं सांभाळलं तर ऱ्हास खूप मंदावतो. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशी धरते. पेट्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवरही ठेवू नका.

‘महत्त्वाच्या बातम्यांची कात्रणं पुरेशी आहेत.’

महत्त्वाचं काय, हे आज ठरवणार कोण? मोठी बातमी मोठ्या वर्तमानपत्रांतही सापडते. गावाचं असं जे असतं ते छोट्या जाहिरातींत, बाजारभावांत, जाहीर नोटिशींत, परीक्षांच्या निकालांत, निधनवार्तांत आणि संपादकाला आलेल्या रागीट पत्रांत. एखादं दुकान कोणत्या वर्षापर्यंत चालू होतं, हे त्याच्या शेवटच्या जाहिरातीवरून कळतं. अशी जाहिरात कोणी कापून ठेवत नाही. शिवाय कात्रणावर तारीख आणि पान क्रमांक बहुधा राहत नाही, आणि मागच्या बाजूचा मजकूर मधोमध कापला जातो. ‘गेल्या मंगळवारी’ असं छापलेलं असेल, तर अंकाच्या तारखेशिवाय त्या मंगळवाराचा पत्ता लागणार नाही.

‘लॅमिनेट केलं की कायमचं.’

उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक कागदाला इजा न करता निघत नाही, आणि आतलं आम्ल आतच काम करत राहतं. चिकटपट्टीचंही तसंच: पट्टी गळून पडते, गोंदाचा तपकिरी डाग राहतो. फाटकं पान पॉलिएस्टरच्या दोन पारदर्शक पत्र्यांमध्ये मोकळं ठेवा, मागे अल्कधर्मी (आम्लाचा परिणाम कमी करणारा) कागद घाला, आणि पत्रे कडेने जोडताना चिकटपट्टी पानाला लागू देऊ नका.

‘मोबाईलचा फोटो म्हणजे स्कॅनच.’

इथे सरळ हिशेब करू. मोठ्या आकाराचं पान साधारण 15 बाय 22 इंच. 12 मेगापिक्सेलचा फोटो 3000 बाय 4000 ठिपक्यांचा, म्हणजे इंचाला फार तर 180 ते 200 ठिपके. मथळे वाचता येतील. बारीक टाइपातले अनुस्वार आणि रफार मात्र शाईच्या डागांत मिसळतील. वर्तमानपत्रांसाठी इंचाला 400 ठिपके हा रुळलेला निकष आहे. 8 बिट करड्या रंगात, फाइल आकसून लहान न करता, टिफ या चित्र-फाइलच्या स्वरूपात एक पान सुमारे 53 एमबी होतं. 8 पानी साप्ताहिकाचे वर्षाचे 52 अंक 22 जीबीत मावतात, म्हणजे जागेची सबब चालणार नाही. मोबाईलशिवाय इलाजच नसेल तर पान चार भागांत, कडा एकमेकींवर येतील असं टिपा, मोबाईल स्टँडवर ठेवा, आणि उजेड दोन्ही बाजूंनी तिरका द्या. पानामागे काळा कागद ठेवला की मागच्या बाजूची छपाई कमी झिरपते. जाड खंड काचेखाली दाबून सपाट करू नका, शिवण तुटते. व्ही आकाराच्या आधारावर अर्धवट उघडा.

‘ओसीआरने सगळं सापडेल.’

अक्षरामागे 95 टक्के अचूकता ऐकायला छान वाटते. सहा अक्षरी शब्द पूर्ण बरोबर येण्याची शक्यता मग सुमारे 74 टक्केच उरते, म्हणजे जवळजवळ दर चौथा शब्द बिघडतो. जुन्या खिळ्यांच्या छपाईत घ-ध, भ-म, ब-व यांची गल्लत होतेच. त्याहून मोठी चूक स्तंभांची: यंत्र एका स्तंभाची ओळ शेजारच्या स्तंभाला जोडून वाचतं. आधी स्तंभ वेगळे करून मगच ओसीआर चालवा. आडनावं आणि वाड्या-गल्ल्यांची नावं शब्दकोशात नसल्याने सर्वांत जास्त चुकतात, आणि लोक शोधतात नेमकं तेच. नावांची सूची हाताने करण्याला अजून पर्याय नाही.

‘क्लाउडवर टाकलं की सुरक्षित.’

खातं बंद पडलं की संपलं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात. आणि वर्षातून एकदा चेकसम (फाइल बिघडली नाही ना, हे दाखवणारा आकडा) पडताळून पाहा. फाइलच्या नावात तारीख आणि पान हवंच, ‘आयएमजी 4471’ नको.

‘आता गठ्ठे रद्दीत.’

ब्रिटिश लायब्ररीने 1999 मध्ये मायक्रोफिल्म (पानांचे फिल्मवर घेतलेले बारीक फोटो) आहे म्हणून अमेरिकी वर्तमानपत्रांचे बांधीव खंड विकायला काढले. त्यांतले बरेच वाचवले गेले आणि 2004 मध्ये ड्यूक विद्यापीठात पोहोचले. त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या रंगीत पुरवण्या होत्या, ज्या कृष्णधवल फिल्मवर करड्या होऊन जातात.

खरं तर सुरुवात कॅमेऱ्याने नव्हे, यादीने करायची: तारीख, अंक क्रमांक, पानं, गहाळ पानं, अवस्था. ती जवळच्या ग्रंथालयांच्या याद्यांशी ताडून पाहा. तुमच्याकडचा अंक एकुलता एक निघू शकतो. जागा खरोखरच नसेल तर फक्त दुबार प्रती द्या, तेही आवृत्ती आणि पुरवणी तपासून, कारण एकाच तारखेच्या दोन आवृत्त्यांत गावाचं पान वेगळं असू शकतं.