रेडिस स्लो करायचंय? मग कशालाच हात लावू नका

तुमचा कॅशिंग सर्व्हर फारच फास्ट पळतोय आणि त्यामुळे ऑफिसात तुम्हाला कोण विचारत नाही, अशी अडचण असेल तर काहीच करू नका. लिनक्स टाका, वर रेडिस (डेटा मेमरीत ठेवून पटकन देणारा प्रोग्रॅम) टाका आणि ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस (टीएचपी, म्हणजे लिनक्सनं आपणहून मेमरीची मोठाली पानं द्यायची सोय) 'ऑलवेज'वर असतील तर तशीच राहू देत. २०११ मध्ये लिनक्सच्या कर्नल २.६.३८ मध्ये आलंय ते, एवढ्या हुशार लोकांनी उगीच घातलंय होय?

रेडिस चालू होताना लॉगात वॉर्निंग मारतंय, टीएचपी चालू आहे, लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) वाढेल, मेमरी जास्त खाईल, अन् बंद करायची कमांडसुद्धा तयार लिहून देतंय बिचारं. वाचू नका. आपल्या बेळगावात पाटी कुठल्या भाषेत पाहिजे यावरून भांडणं होतात, पाटीवर लिहिलंय काय ते कोण बघतंय?

मोठं पान म्हणजे चांगलंच असणार की. साधं पान ४ केबीचं, हे २ एमबीचं, म्हणजे ५१२ पट. मोठाली गणितं करणाऱ्या प्रोग्रॅमला याचा खरंच फायदा होतो, प्रोसेसरला पत्ते कमी शोधावे लागतात, ते काय खोटं नाही. फक्त रेडिसचा संसार वेगळा आहे. डेटा डिस्कवर ठेवायचा झाला की ते फोर्क करून, म्हणजे स्वतःचीच जोडप्रत काढून, एक पोरगं काढतंय, बाप आणि पोरगं एकाच मेमरीवर राहतात, आणि बापानं कुठल्या पानावर लिहिलं तर तेवढ्या पानाची कॉपी होते.

आता कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊया. उताऱ्यातलं एक नाव बदलायचंय. ४ केबीवाला मामा एक पान झेरॉक्स करून हातात देतो, जावा. ह्यूजपेजवाला मामा (२०२० मध्ये कर्नल ५.८ यायच्या आधीचा) म्हणतो, आमच्यात सुटं पान मिळत नाही, अख्खं ५१२ पानांचं रजिस्टर होईल, बसा. मग तुम्ही बसता आणि तुमच्या मागची सगळी लाईनपण बसते, कारण रेडिसमध्ये कमांड चालवायला थ्रेड एकच, म्हणजे एकच मशीन आणि एकच मामा. त्यात पुढच्या माणसाचं नाव वेगळ्याच रजिस्टरात निघतंय. बघता बघता पूर्ण कपाट झेरॉक्स होऊन जातंय, १० जीबीचा डेटा २० कडे सरकतोय आणि मग ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्रॅम मारून टाकणारा लिनक्सचा माणूस) येऊन कुणाला तरी उचलतो.

आमच्याकडं बाजारभाव दाखवणारं अ‍ॅप होतं. सकाळी रताळ्याचा भाव निघाला की सगळा तालुका एकदम मोबाईल उघडून बसायचा, भावपण सारखे बदलायचे, आणि रेडिसचा डिफॉल्ट नियम असा की ६० सेकंदांत १०,००० बदल झाले की सेव्ह करायचं, म्हणजे दुपारी झोपेच्या वेळी नव्हे, नेमकं गर्दीतच रजिस्टरं झेरॉक्सला जायची! आम्ही काय केलं? नेटवर्कला शिव्या घातल्या. मग रॅम १६ ची ३२ केली. सर लई खूश, खर्च झाला म्हणजे काम झालं.

तुम्हीपण हेच करा. लेटन्सी डॉक्टर म्हणून एक कमांड आहे, त्या डॉक्टरकडं अजिबात जाऊ नका, डायरेक्ट टीएचपीचं नाव घेतोय तो. अपग्रेडपण नको, ६.२ पासून रेडिस स्वतःपुरतं टीएचपी आपणच बंद करून घेतंय, मग तुम्हाला काम काय उरणार?

आणि कोण फारच मागं लागलं तर त्याच्यासमोर टर्मिनल उघडायचं, लॉगातली ती टीएचपी बंद करणारी 'नेव्हर'वाली इको कमांड मारायची, रेडिस रीस्टार्ट करायचं, लेटन्सीचा ग्राफ खाली आलेला दाखवायचा, चहा घ्यायचा. बूटच्या स्क्रिप्टमध्ये मात्र चुकूनसुद्धा टाकायची नाही.

मी नाहीच टाकली. पुढं पावसात लाईट गेली, यूपीएसनं मान टाकली, सर्व्हर परत उठला आणि 'नेव्हर'चं गपचूप 'ऑलवेज' झालं. सकाळी भाव निघाले आणि अ‍ॅप गरगरायला लागलं. शेजारच्या टेबलावरचा कानडी मित्र खुर्ची फिरवून विचारतोय, "एन आत्री?" म्हणजे काय झालं?

म्हटलं, "नेटवर्क री."