दाणा खाल्ला नाही

आमच्या मामाला माझा वाढदिवस कधी लक्षात राहिला नाही, पण महालक्ष्मी रेसकोर्सच्या यच्चयावत घोड्यांचा त्याला तोंडपाठ. त्यात अवघड काही नव्हतं म्हणा. रेसच्या घोड्याचा जन्म कधीचाही असो, वय सगळ्यांचं १ जानेवारीला एकदम वाढतं. गावच्या मास्तरांनी आपल्याकडे अख्खी पिढी १ जूनला जन्माला घातली, तसलाच प्रकार.

मामा गिरणीत टाइमकीपर. सोमवार ते शनिवार दुसऱ्यांची वेळ लिहायचा आणि रविवारी स्वतःची वाईट वेळ बघायला रेसकोर्सवर जायचा. महालक्ष्मी स्टेशनवर उतरायच्या आधीच रिटर्न तिकीट खिशात. आयुष्यात त्याने खात्रीने लावलेला पैसा तेवढाच.

तिथे त्याची एक मंडळी जमायची. सगळे 'आतले'. कशाच्या आतले, ते मला आजतागायत कळलेलं नाही, कारण उभे असायचे कठड्याच्या बाहेरच. त्यांत एक पारशी बावाजी होते. डोक्यावर सोला हॅट, गळ्यात दुर्बीण, दुर्बिणीला एकच काच. १८८३ साली इथे रेसकोर्स झालं, त्याचा घाट मेलबर्नच्या कॉलफील्डवरून घेतला, हे ते अशा थाटात सांगायचे की दोरी धरायला स्वतःच होते. १९४३ ची पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुलने मारली, ती म्हणे त्यांच्यासमोर. कुठल्याही घोडीबद्दल विचारा, दुर्बीण न काढता उत्तर यायचं, "दीकरा, एनी मा पण आवीज हती." आई चांगली की वाईट, ते मात्र रेस संपल्यावर ठरायचं.

दुसरा न्हावी. त्याच्या खुर्चीत एक जॉकी केस कापायला बसायचा, एवढ्या भांडवलावर त्याने वीस वर्षं टिपा दिल्या. जॉकी गप्पा मारत बसला तर घोडा जिंकणार. गप्प बसला तर नक्की जिंकणार.

तिसरा पेनेट्रोमीटरवाला. जमीन किती कठीण, किती मऊ ते मोजायचं हे यंत्र, आणि त्याचा आकडा रेसच्या दिवशी जाहीर होतो. ह्याला यंत्रावर भरवसा नव्हता. स्टँडसमोर कोल्हापुरी चपलेची टाच जमिनीत रुतवायचा, डोळे मिटायचा आणि स्वतःचा आकडा सांगायचा. त्याची टाच आणि क्लबचं यंत्र यांचं कधीच जमलं नाही. चूक यंत्राची.

ह्या सगळ्यांचं दैवत एकच, स्क्वाँडरर. सत्तरच्या दशकातला घोडा, १९ पैकी १८ रेसेस मारलेला. नावाचा अर्थ उधळ्या. मामाने त्याच्यावर नेमका एकदाच पैसा लावला होता. कधी, ते सांगायला नको.

मी एफ.वाय.ला असताना मंडळींनी ठरवलं की पोराला पहाटे पाठवायचं. सकाळी घोडे सरावाला येतात, तिथे मोतद्दार भेटतो. मोतद्दार म्हणजे घोड्याशेजारी झोपणारा माणूस, त्याच्यापेक्षा आतला कोण? शिवाय पोरावर कुणाला संशय येत नाही. घोड्याचं नाव घेत नाही, मामी अजून आहे. एवढंच सांगतो की फेवरिट होता.

पहिल्या लोकलने गेलो. धुकं होतं. आधी टापा ऐकू यायच्या आणि मग घोडा दिसायचा, नाकातून वाफ सोडत, एखाद्या इंजिनासारखा. मोतद्दार म्हातारा होता, अंगात घोंगडीचा तुकडा. ओल्या बोळ्याने घोड्याच्या डोळ्यांच्या कडा पुसत होता, आपल्या पोराचं तोंड पुसावं तशा. मी मामाने पाठ करून घेतलेलं वाक्य म्हटलं, "काका, तब्येत कशी?" त्याला वाटलं मी घोड्याचीच विचारतोय, आणि खरं तर तसंच होतं.

"काल दाणा खाल्ला नाही त्यानं," तो म्हणाला. "आजपण तोंड लावलं नाही." आणि पुन्हा बोळा बुडवला.

मी धावत इराण्याकडे. मंडळी ब्रुन मस्का चहात बुडवून वाट बघत होती. सांगितलं. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग मामा म्हणाला, "सरळ सांगितलं?"

"हो."

"विचारल्या विचारल्या?"

"हो."

"मग ही बातमी नव्हेच."

न्हाव्याने मान डोलावली. खरी गोष्ट कुणी अशी पोरासोरांना सांगतं का? मालकाने सांगितलं असणार, घोडा आजारी म्हणून पसरव, लोक हात आखडतील, भाव चढेल, म्हणजे एका रुपयाला जास्त मिळतील, मग आपण लावू. बावाजींना त्याची आई आठवली. तीही म्हणे उपाशीपोटी वाऱ्यासारखी पळायची. पेनेट्रोमीटरवाल्याने टेबलाखाली टाच टेकली. मी एकदा म्हणून पाहिलं की घोड्याचे डोळे मलूल होते. मामा म्हणाला, "तुला रेस कळत नाही."

चाळीतल्या अकरा घरांचे पैसे त्या दिवशी मामाच्या खिशात होते. दुपारी बुकींच्या पाट्यांवर त्या घोड्याचा भाव खरोखरच चढत गेला, तसतशी मंडळी एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. शेवटच्या वळणापर्यंत घोडा दिसत होता. त्यानंतर तो बावाजींच्या एका काचेच्या दुर्बिणीतूनही दिसेना. शेवटून पहिला आला. आला म्हणजे, जवळजवळ चालत.

परतीच्या लोकलमध्ये जे घडलं तो ह्या लोकांचा खरा खेळ. ग्रँट रोड यायच्या आत कारणं ठरली होती. जॉकीने लगाम आवळला. वजन जास्त पडलं. जमीन मऊ होती (टाचेचा पुरावा). दाण्याचं नाव एकानेही काढलं नाही. आणि मामीसमोर पैसे मोजायला मामाने मला पुढे केलं, कारण पोरावर कुणी ओरडत नाही. ओरडली.

पुढे १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घोड्यांची रेस हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे. मामाने ते कात्रण देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं. मामीने नीट वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "मग इतकी वर्षं नशिबाला कशाला बोल लावत होतात?" न्यायालयाचा एवढा सूक्ष्म अर्थ कुठल्या वकिलाने लावला नसेल.

पण त्या रविवारचं एक राहिलंच. तीन आठवड्यांनी मला पुन्हा पहाटे पिटाळलं. तोच मोतद्दार, तोच घोडा. ह्या खेपेला घोड्याचं डोकं पत्र्याच्या बादलीत होतं आणि आतून कराकरा आवाज येत होता. म्हातारा मला बघून हसला. "आता चांगला आहे. सगळं संपवतो, वर माझी बाही चावतो."

इराण्याकडे येऊन मी शब्दाला शब्द सांगितला. मामाने चहाची बशी खाली ठेवली, बराच वेळ विचार केला आणि मंडळींकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "आजारी आहे."